यमूने विळा धुऊन ठेवला

मार्च लागला की मला राग येतो. उन्हावर नाही, उन्हातच मी वाढले. राग परीक्षेवर येतो, आणि तोही सगळ्या परीक्षेवर नाही, मराठीच्या पेपरातल्या एका प्रश्नावर. 'अमुक पात्र असे का वागले, ते तुमच्या शब्दांत लिहा.' तुमच्या शब्दांत! हे दोन शब्द छापणाऱ्याला एकदा समोर बसवून विचारावं असं मला वर्षानुवर्षं वाटत आलंय, की बाबा रे, खरंच लिहिलं तर चालेल का तुला?

परवा शेजारची श्रेया वही घेऊन आली. मी सिल्व्हर पार्क नावाच्या वसाहतीत राहते, ती समोरच्या दारात. आईवडील रत्नागिरीकडचे, दोघंही नोकरीला, पोरगी दहावीला. "आजी, हे कॅरेक्टर असं का करतं, ते समजावून सांगा ना." मी धडा वाचला, तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती गोंधळली. मग म्हणाली, "मला काय वाटतं ते नको ना आजी. मॅम बोलल्या, गाईडमधलंच लिहायचं, नाहीतर मार्क कट होतात." मी वही मिटून तिला परत दिली. पोरीला वाटलं, माझं काहीतरी दुखतंय. दुखत होतंच. पण ते जुनं होतं, माझ्या माहेरचं, मुर्ध्याचं, आणि माझ्या मॅट्रिकच्या वर्षाचं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मुर्धा तेव्हा भाईंदरजवळ, खाडीच्या काठचं गाव होतं. घरं, भातशेती आणि त्यापलीकडे मिठागरं. आमचं थोडं शेत होतं आणि एका मिठागरावर घरातली सगळी माणसं कामाला असत. मॅट्रिकची परीक्षा आणि मिठाचा हंगाम एकदमच यायचा. सकाळी आठ वाजताच आगरातल्या पाण्यावर ऊन असं चमकायचं, की पुस्तकातलं अक्षर नंतर किती वेळ हिरवं दिसायचं. पायांना चिरा पडायच्या आणि त्यांत खारं पाणी शिरायचं. ती आग मला अजून आठवते. मी फळीनं मीठ कडेला ओढायचे आणि तोंडानं व्याकरण म्हणायचे. गावातल्या मुलींत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्याचं घरात कौतुक होतं की अडचण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्याबरोबर फळी ओढायला हिरूआत्या असायची. माझ्या बाबांची मोठी बहीण. चेणे गावाला दिली होती तिला. मूल झालं नाही म्हणून सहा वर्षांनी नवऱ्यानं तिला एका सणाला माहेरी आणून सोडली, तो पुन्हा न्यायला आला नाही. तेव्हापासून ती आमच्याकडे. भाताची लावणी, मीठ, आम्हा तिघा भावंडांची आंघोळपांघोळ, आईची बाळंतपणं, सगळं तिनं केलं. तिला वाचता येत नव्हतं. पण ऐकलेलं ती विसरायची नाही. मी धडे मोठ्यानं वाचायचे ते तिच्यासाठीच. दुपारी बांधावरच्या झोपडीत भाकरी खाऊन झाली, की ती पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, "हां, वाच आता. कालची बाई पुढं काय करतंय?"

त्या वर्षी पुस्तकात एक कथा होती. लेखकाचं नाव मला आठवतं, पण जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही, म्हणून लिहीत नाही. कथेत यमू नावाची बाई होती. नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. तिनं परसात जाईचा वेल लावलेला. पंधरा वर्षं पाणी घालून, मांडव घालून तिनं तो वाढवलेला. भावाच्या मुलीचं लग्न निघतं. लग्नाच्या दिवशी सकाळी घरातल्या बायका येऊन त्या वेलाच्या टोपलीभर कळ्या खुडून नेतात. नवरीच्या वेणीला, मुंडावळ्यांना, पाहुण्यांच्या गजऱ्यांना. मग वहिनी यमूला म्हणते, "वन्सं, तुम्ही जरा आतच बसा. व्याही मंडळी उगाच विचारत बसतात." यमू आत बसते. दुपारी मांडवात जेवणं चालू असताना ती परसात जाते आणि विळ्यानं तो वेल बुडापासून कापते. मग विळा धुऊन जागेवर ठेवते. कथा इथंच संपते. तिनं असं का केलं, हे लेखकानं सांगितलेलंच नाही.

मी वाचायचं थांबले तेव्हा आत्यानं भाकरीचं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "विला धुतला असा लिवलाय?"

"हां. 'विळा धुऊन जागेवर ठेवला.'"

"मंग ती वेडी न्हाय."

"वेडी कोन बोलला?"

"बोलतील," आत्या म्हणाली. "वेड्या बाईला विला धुवाचा सुचंल का? तो तिथंच टाकून जाल ती. हिला सगला समजत व्हता."

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. मी पुन्हा वाचायला लागले आणि मग मलाही एक गोष्ट दिसली. यमूनं वेल सकाळी कापला नव्हता. कळ्या खुडून झाल्या, नवरी सजली, लग्न लागलं, मग कापला. मी म्हटलं, "आत्ये, हिला जर लग्नाचा राग असता, तर हिनी सकालीच कापला असता ना? कोनालाच फूल मिलाला नसता."

आत्या हसली. फार कमी हसायची ती. "तं काय! पोरीचा सगला नीट होऊ दिला तिनी. आपला काम केला आनि मंग आपला वेल घेऊन जेली."

"घेऊन कुठं जेली? तोडला ना."

"तिला दुसरा काय नेता येनार व्हता त्या घरासून?" आत्या म्हणाली, आणि फळी उचलून उन्हात निघाली.

मी त्या झोपडीत बसून राहिले. अकरा वर्षं शाळेत जात होते, पण गोष्ट वाचणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी, मिठानं पांढरे पडलेले पाय समोर घेऊन बसलेल्या एका अंगठाबहाद्दर बाईकडून कळलं.

आमचे मराठीचे सबनीस सर वसईहून यायचे. स्वच्छ धोतर, हातात छत्री, आवाज गोड. वाईट माणूस नव्हता तो. कविता शिकवताना त्यांचे डोळे भरून यायचे. पण परीक्षा जवळ आली की ते गाईड काढायचे आणि उत्तरं सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. यमूचं उत्तर असं होतं: 'यमू ही परित्यक्ता आहे. स्वतःच्या वाट्याला न आलेले संसारसुख भाचीला मिळताना पाहून तिच्या मनात मत्सर निर्माण होतो. या मत्सरातून तिच्या मनात विकृती येते व ती वेल तोडते.' हे तीन मुद्दे. परित्यक्ता, मत्सर, विकृती. पाच मार्क.

पूर्वपरीक्षेत तो प्रश्न आला. 'तुमच्या शब्दांत लिहा' असंच लिहिलेलं होतं, आणि मी मूर्खासारखं माझ्या शब्दांत लिहिलं. विळा धुतल्याचं लिहिलं. सकाळी न कापता दुपारी कापल्याचं लिहिलं. यमूला मत्सर वाटत नव्हता, राग आला होता, आणि तो राग तिनं कोणाचं वाटोळं न करता स्वतःच्या वस्तूवर काढला, असं लिहिलं. दीड पान झालं. एवढ्या आनंदानं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही.

पेपर वाटताना सरांनी माझा पेपर मागे ठेवला. सगळ्यांचे देऊन झाल्यावर तो हातात घेऊन ते म्हणाले, "आपल्या वर्गात एक मोठ्या टीकाकार बाई आहेत. ऐका." आणि त्यांनी माझं उत्तर वाचलं. त्या गोड आवाजात, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, चष्म्यावरून बघत. 'वेड्या बाईला विळा धुवायचं सुचत नाही' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पोरं हसली. मुलीही हसल्या. मग सर म्हणाले, "मंदा, मिठागरावर बायका विळे धुतात म्हणून साहित्यात धुतात असं नाही. पाचपैकी शून्य." पेपरावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'विषयाला सोडून.'

मी रडले नाही. पेपर घडी करून वहीत ठेवला, एवढं आठवतं. घरी येऊन मी जेवले नाही. आईला वाटलं, ताप आलाय. आत्यानं मात्र माझ्या हातातून पेपर घेतला, उलटसुलट केला आणि त्या लाल अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, "ह्या काय लिवलाय?" मी सांगितलं. सगळंच सांगितलं, विळे धुण्याचंही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभी होते. फाटकातून आत्या येताना दिसली. कामावरचं लुगडं, पायांत काही नाही, पोटऱ्यांवर मीठ वाळलेलं. मुर्ध्याहून भाईंदरच्या शाळेपर्यंत चालत आली होती. मला पळून जावंसं वाटलं. हे मी आज लिहितेय, कारण हेही खरं आहे: मला माझ्या आत्याची लाज वाटली. त्या लाजेचा राग मला अजून येतो.

ती सरळ सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. "मास्तर, मी मंदाची आत्या."

सर उठून उभे राहिले. तेवढा शिष्टाचार त्यांच्यात होता. "बोला."

"त्या बाईचे मनान मत्सर व्हता, असा कोनी सांगला?"

सरांना आधी काही कळेना. मग कळलं, आणि ते माझ्याकडे बघून किंचित हसले. "पुस्तकात आहे बाई ते."

"पुस्तक मी आयकलाय. पोरीनी वाचलाय मना, दोन टायमाला. त्यान न्हाय."

शेजारी भूगोलाचे सर चहा पीत होते, त्यांनी कप खाली ठेवला. आत्या तिच्या नेहमीच्याच आवाजात बोलत होती, शेतात बोलावं तशी. "तिला आत बस बोल्ली तिची भावजय. त्याचा तुमी काय सांगला पोरांना? त्याला किती मार्क?"

"बाई," सर हळू आवाजात म्हणाले, "तुमची भाची हुशार आहे. पण बोर्डाचा पेपर मी तपासणार नाही. जो तपासेल, त्याच्या हातात हेच तीन मुद्दे असणार. पोरीनं पास व्हायला हवं की नको?"

"असा सांगा ना मंग," ती म्हणाली. "हसलाव कशाला तिला?"

घंटा झाली. ते वर्गात गेले.

शाळा सुटल्यावर बघते तर आत्या फाटकाबाहेर माझी वाट बघत बसलेली. आम्ही चालत निघालो. दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी होत्या, काही गवतानं शाकारलेल्या, काही अजून उघड्या. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "मास्तर सांगतंय तसा लिव."

मी थांबलेच. "तू पन?"

"मना म्हाइत हाय ती कशी व्हती. तुला म्हाइत हाय. कागदावर त्यांचा लिव आनि पास हो. तुला ह्या आगरान जन्म काढाचा हाय का माझेवानी?"

बोर्डाच्या पेपरात तो प्रश्न पुन्हा आला. मी लिहिलं. परित्यक्ता. मत्सर. विकृती. वळणदार अक्षरात, तीन परिच्छेद, शेवटी एक सुविचारासारखं वाक्य. हात थरथरला वगैरे काही नाही. चांगलं भराभर लिहून झालं. बाहेर येऊन नळाचं पाणी प्यायले, मैत्रिणीला म्हटलं, "सोपा होता पेपर."

पुढं मी स्वतः मराठीची शिक्षिका झाले आणि तीस वर्षं शिकवलं. प्रत्येक वर्गात एखादी तरी मुलगी असायची, जिला धड्यातलं खरं दिसायचं. मी तिला बाजूला घेऊन म्हणायचे, "तुझं बरोबर आहे, पण पेपरात असं लिहू नकोस." मी त्यांना हसले कधी नाही. यापेक्षा मोठं काम माझ्या हातून झालं नाही, आणि याचा राग मी कोणावर काढू?

पेपर संपले आणि मीठ उचलायचे दिवस आले. त्या दिवसांत गावात नवी माणसं दिसायला लागली होती. भाईंदर स्टेशनच्या बाजूला इमारती उठत होत्या आणि कोणीकोणी खाडीकडच्या जमिनी विचारत फिरायचे. एका सकाळी बाबांनी मला घराच्या मागे बोलावलं. ठाण्याहून एक कागद लिहिणारा माणूस येणार होता, आत्याचा अंगठा घ्यायला.

"ती बोलतंय, मंदा वाचल तवाच अंगठा देन," बाबा म्हणाले. "तू सगला वाचू नको. वरचा वाच जरा. आनि सांग, सातबारावर नाव सारखा कराचा कागद हाय."

"कसला कागद हाय बाबा?"

त्यांनी वळणीवरची चटई काढून झटकली. म्हणाले, "तुला पुढं शिकाचा हाय ना?"

माणूस आला. ओटीवर चटई घातली. आत्या हात धुऊन येऊन बसली. गावातले दोघं साक्षीला होते. त्या माणसानं आत्याच्या अंगठ्याला शाई लावून ठेवली आणि कागद माझ्या हातात दिला. मी मनात वाचला. हक्कसोडपत्र होतं ते. आत्या तिच्या बापाच्या जमिनीवरचा सगळा हक्क आपल्या भावाच्या नावे, राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडून देत होती.

मी वाचत नाही असं बघून साक्षीदारांतला एक आत्याकडे बोट करून दुसऱ्याला म्हणाला, "ही काय, पयल्यापासून आडमुठी. भावाचे पोरांचा चांगला बघवत न्हाय तिला." दुसरा म्हणाला, "नवऱ्यानी टाकली ना. डोका फिरतंय मंग असे बायांचा."

मी ऐकत होते. हे मला पाठ होतं. त्याच क्रमानं नसेल, पण तेच तीन मुद्दे. गाईड लिहिणारा माणूस हे कुठून शिकला, ते मला तेव्हा समजलं. अशा ओट्यांवरूनच. आणि पंधरा दिवसांपूर्वी मीही ते माझ्या अक्षरात लिहून, खाली रेघ मारून आले होते. मला संताप आला. तो त्यांच्यावर होता, सरांवर होता, बाबांवर होता, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर.

मी वाचला. वरपासून खालपर्यंत सगळा, मोठ्यानं. बाबा म्हणाले, "बस झाला मंदे." मी थांबले नाही. वाचून झाल्यावर आत्याला तिच्या भाषेत सांगितलं, "आत्ये, आजोबाचे शेतान तुझा भाग हाय. अंगठा दिलास की तुझा काय ऱ्हानार न्हाय."

आत्यानं शाईचा अंगठा बघितला. मग तो ओटीच्या सारवलेल्या भिंतीला पुसला, नीट, तीनचारदा. "मी न्हाय देत," एवढंच म्हणाली आणि उठून फळी घेऊन आगरात गेली. भिंतीवरचे ते निळे डाग आईनं दुसऱ्या दिवशी शेणानं सारवून टाकले.

बाबा माझ्याशी जवळजवळ वर्षभर बोलले नाहीत. त्या वर्षी मी कॉलेजात गेले नाही. दोन वर्षांनी मामाकडे राहून अध्यापनाचा कोर्स केला. आत्यानं पडवीत वेगळी चूल मांडली. गावात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की हिरूचं डोकं फिरलंय. ती मात्र जूनमध्ये नांगर मागून आणून शेताच्या खाडीकडच्या तुकड्यात उतरली. बाबांनी अडवलं नाही. अडवायला त्यांच्याकडे कागद नव्हता.

निकाल लागला. मराठीत शाळेत मी पहिली. जुलैमध्ये एका दुपारी सबनीस सर विचारत विचारत शेतावर आले. आत्या आणि मी लावणी करत होतो, दोघी गुडघाभर चिखलात. सर छत्री धरून बांधावर उभे राहिले. पेढ्यांचा पुडा आणला होता.

"यमूचा प्रश्न आला होता ना?" त्यांनी विचारलं. "आपलं ठरलेलं लिहिलंस?"

"हो सर. तेच लिहिलं."

ते बांधावरून माझ्या बाजूला दोन पावलं सरकले. मग आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "तुझं आधीचं उत्तर बरोबर होतं, मंदा. मला तेव्हाही माहीत होतं."

त्यांना ते कळत नव्हतं असं मी धरून चालले होते, आणि त्यामुळेच मी त्यांना जवळजवळ माफ केलं होतं. "मग हे वर्गात सांगाल सर? यंदाच्या मुलांना?"

सरांनी घड्याळ बघितलं. गाडीची वेळ झाली म्हणाले. पुडा बांधावर ठेवून, धोतर सावरत निघून गेले. मी पुडा उचलला नाही.

"काय बोलत व्हता मास्तर?" आत्यानं विचारलं.

"बोलला, आपला बरोबर व्हता. त्यांना पयलेच म्हाइत व्हता."

"वर्गान सांगल का?"

"न्हाय."

तिनं कंबर सरळ केली नाही. डाव्या हातातल्या जुडीतून चार रोपं काढून चिखलात रोवली आणि एक पाऊल मागे सरकली.

"मंग आपल्याला कशाला सांगतंय?" ती म्हणाली. "मना तं म्हाइतच हाय."